आत्याला दाखवायचे फोटो: पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी कॅमेऱ्याची तयारी

श्रीलंकेची माझी पहिली परदेशवारी झाली तेव्हा मोबाईल आणि कॅमेरा मिळून २,६०० फोटो घेऊन मी बेळगावला परतले. पुढच्याच रविवारी नंदगडला आत्याकडे गेले. पंढरपूर आणि गाणगापूर सोडून ती कुठे गेलेली नाही, पण दुसऱ्याचा प्रवास ऐकायची तिला भारी हौस. चष्मा पुसून ती शेजारी बसली आणि मी मोबाईलवर एकेक फोटो सरकवायला लागले. "हे कुठलं गं? ह्या बाईच्या टोपलीत काय हाय? हा डोंगर आपल्या राजहंसगडाएवढा काय?" निम्म्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावाचं नाव आठवेना, टोपलीत काय होतं ते मी बघितलंच नव्हतं. एकाच सूर्यास्ताचे चाळीस फोटो होते आणि आम्ही जिथे रोज जेवलो त्या खाणावळीचा एकही नव्हता.

त्यानंतर पुन्हा श्रीलंका झाली, जपान झालं. आता निघण्याच्या महिनाभर आधीपासून मी काय काय करते ते इथे क्रमाने लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आणि फोटोची आवड असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. व्हिसा आणि तिकिटांची माहिती बाकी सगळीकडे मिळते, म्हणून ती घेतलेली नाही.

१. फोटो कुणाला दाखवणार ते आधी ठरवा

घरातलं एक माणूस मनाशी धरा. आई, आजोबा, शेजारच्या काकू, कुणीही. जे स्वतः तिथे जाणार नाही असं माणूस असेल तर उत्तम. मग तिथे गेल्यावर कॅमेरा उचलताना आपोआप प्रश्न पडतो, की हे बघून ती काय विचारेल? माझ्या फोटोंत जो काही बदल झाला तो लेन्समुळे कमी आणि ह्या प्रश्नामुळे जास्त झाला.

२. नवा कॅमेरा घेण्याची घाई नको

निघायला आठ दिवस उरलेले असताना नवा कॅमेरा घ्यायचा, ही सर्रास होणारी चूक आहे. त्याची बटणं कळेपर्यंत सहल संपते. घ्यायचाच असेल तर दोन महिने आधी घ्या. गेल्या तीन-चार वर्षांतला बरा मोबाईल असेल तर पहिल्या प्रवासाला तोही पुरतो. खरी अडचण येते ती दूरच्या वस्तूला, पळत्या वस्तूला आणि अंधाराला.

कॅमेरा नेणार असाल तर एक, फार तर दोन लेन्स न्या. मी १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्स नेते, सोबत अंधारासाठी एक छोटी ५० मिलिमीटर एफ १.८, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी. श्रीलंकेतल्या सिगिरियाच्या कड्याच्या सुमारे १,२०० पायऱ्या चढताना गळ्यातलं प्रत्येक शंभर ग्रॅम वजन जाणवतं.

३. सराव आपल्याच गावात करा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. परदेशात जे जे समोर येणार आहे ते बहुतेक आपल्या पंचक्रोशीत आहेच, तेही फुकट आणि पुन्हा पुन्हा जाता येईल असं.

*अंधारी देवळं आणि चर्च:* बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचीराजाने १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. आत काळोख, बाहेर लख्ख ऊन. कॅमेरा गोंधळतो, आत सगळं काळं येतं नाहीतर दारातलं ऊन पांढरंफटक होतं. फोटो काढता येईल का हे तिथल्या माणसाला विचारा, फ्लॅश बंद ठेवा, खांबाला टेकून श्वास रोखा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, १६०० वर नेऊन काढा. मोबाईल असेल तर पडद्यावर उजेडाच्या भागावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा. छतावरचं दगडी कमळ नीट टिपता आलं की युरोपातलं कुठलंही चर्च तुम्हाला अवघड जाणार नाही.

*रात्रीची गर्दी:* आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसारखी शाळा शोधून सापडणार नाही. दिव्यांचा झगमगाट, हलणारी माणसं, धूर, धक्काबुक्की. इथे शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/१२५ सेकंदापेक्षा लांबला की चेहरे हलतात. मोबाईलचा नाईट मोड उभ्या इमारतीला चांगला, पण नाचणारा माणूस त्यात पुसून जातो. त्याला साधा मोड लावा आणि माणूस क्षणभर थबकेल त्याची वाट बघा. लेझीम खेळणारासुद्धा वळताना एक क्षण थांबतोच.

*पाणी:* जुलै ते सप्टेंबरात गोकाकला जा. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली कोसळते. एकदा १/१००० सेकंदाच्या शटरने काढा, थेंब न थेंब वेगळा दिसेल. मग कॅमेरा कठड्यावर टेकवून १/४ ने काढा, कापसाच्या लडीसारखं पाणी येईल. हे फोटो घरी मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघा. शटर म्हणजे काय हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा लवकर कळतं.

*अनोळखी माणसं:* रविवार पेठेत किंवा शनिवारच्या आठवडी बाजारात जाऊन दहा अनोळखी लोकांना विचारून त्यांचे फोटो काढा. पहिल्या तिघांना विचारताना जीभ अडखळते. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, जिथे दोन्ही चालत नाहीत तिथे कॅमेरा दाखवून नुसती मान हलवा. ही तिसरी भाषा सगळ्या जगात चालते. माणूस नको म्हणाला तर हसून पुढे जायचं, हेही इथेच शिकून घ्या.

आणि एक सवय आपल्याला आयतीच आहे. कॅम्प भागात लष्कराच्या इमारतींसमोर मोबाईल काढायचा नाही हे बेळगावच्या पोराला लहानपणीच कळतं. तीच सवय बाहेर उपयोगी पडते. लष्करी जागा, सीमेवरच्या चौक्या, विमानतळावरचं इमिग्रेशन, यांचे फोटो कुठल्याही देशात काढू नका.

४. कागद: यातला एक फार महत्त्वाचा

सोबत ठेवायचं ते असं:

- कॅमेरा आणि लेन्सच्या बिलाची प्रत, आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो
- कॅमेरा, लेन्स, ड्रोन असेल तर तो, प्रत्येकाचा सिरियल नंबर एका कागदावर
- त्या नंबरांचे वस्तूसकट काढलेले फोटो
- प्रवास विम्याची प्रत. कॅमेरा त्यात किती रकमेपर्यंत धरलाय ते आधी वाचा, बहुतेक वेळा ती रक्कम फार कमी असते
- कस्टमचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट

ह्या शेवटच्या कागदाबद्दल जरा सविस्तर. महागडा कॅमेरा घेऊन तुम्ही देशाबाहेर गेलात आणि परत आलात, तर तो बाहेरून विकत आणला नाही हे दाखवायची वेळ येऊ शकते. त्यासाठी जातानाच विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याला वस्तू दाखवून, सिरियल नंबर नोंदवून हे सर्टिफिकेट घ्यायचं. परत येताना तेच दाखवायचं. जुन्या, वापरलेल्या दिसणाऱ्या कॅमेऱ्याला सहसा कुणी विचारत नाही, पण नवाकोरा असेल, दोन-तीन लेन्स असतील, तर अर्धा तास खर्चून हे करून घ्या.

आपल्याकडच्या लोकांची गफलत इथे होते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून देशांतर्गत विमानं उडतात, त्यामुळे हे काम बेळगावात होत नाही. जिथून देशाबाहेरचं विमान पकडणार, म्हणजे बेंगळुरू, मुंबई, गोवा, हैदराबाद, तिथे ते होतं. सांबऱ्याला बॅग सोडली की ती पुष्कळदा थेट परदेशातच हाती येते. म्हणून कॅमेरा, लेन्स आणि बिलं हातातल्या पिशवीत हवीत. रेल्वेने किंवा बसने जाणार असाल तर हा घोळ होत नाही, पण रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये कॅमेऱ्याची पिशवी बर्थखाली ठेवू नका. तिचा पट्टा हाताला गुंडाळून उशाशी घ्या.

परदेशातल्या नातेवाइकाने "येताना हा कॅमेरा घेऊन जा" म्हटलं तर तो मात्र नवा माल. शुल्कमाफीची मर्यादा बदलत असते, निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि त्यापेक्षा जास्त किंमत असेल तर विमानतळावरच्या कस्टमच्या लाल मार्गाने जाऊन सांगा.

५. बॅटरी आणि प्लग

पहिल्या वेळी मी पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली होती. विमानतळावर बॅग बाजूला काढली, माझं नाव पुकारलं, सगळ्यांसमोर कपडे उपसून ती बाहेर काढावी लागली. विमान सुटता सुटता राहिलं. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायच्या, हा जगभरचा नियम आहे. आग लागली तर केबिनमध्ये ती कुणाला तरी दिसते, सामानाच्या कप्प्यात दिसत नाही.

मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. हिशेब सोपा: बॅटरीवरचे मिलीअँपिअर-अवर गुणिले व्होल्ट, भागिले १,०००. २०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवर होते, ती चालते. १०० ते १६० मध्ये असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावरची नेताच येत नाही. बॅटरीवरची छपाई पुसली गेली असेल तर ती घरीच ठेवा, कारण तपासणाऱ्याला आकडा वाचता आला पाहिजे. विमानात पॉवर बँक वापरू देतात की नाही हे आधी विमान कंपनीकडे विचारून घ्या.

चार्जरवर "इनपुट १००-२४०" असं छापलेलं असेल तर व्होल्टेजची काळजी नको, फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. जपानमध्ये दोन चपट्या पिना, दुबई आणि इंग्लंडमध्ये तीन चौकोनी, युरोपच्या बहुतेक देशांत दोन गोल. अडॅप्टर एक न्या आणि आपला साधा एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर ठेवा. मग एका अडॅप्टरवर मोबाईल, कॅमेरा, पॉवर बँक असं सगळं रात्रीत चार्ज होतं.

६. कार्ड, पाऊस आणि बुरशी

मोठ्या एका कार्डापेक्षा ६४ जीबीची दोन-तीन घ्या. पहिल्या प्रवासात फोटो लिहिला जात असतानाच मी कार्ड बाहेर ओढलं आणि ते पुन्हा उघडलंच नाही. श्रीलंकेतल्या कँडी शहरातला अख्खा दिवस त्यात होता. लाल दिवा लुकलुकत असेल तोवर कार्डाला हात लावायचा नाही.

पावसाचं आपल्याला नवल नाही. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, तळाला लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँडने बसवली की झालं काम. त्यापेक्षा हॉटेलातल्या एसीने जास्त नुकसान होतं. गार खोलीतून कॅमेरा एकदम कोलंबोच्या दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. पिशवीची चेन न उघडता वीस-पंचवीस मिनिटं बाहेर राहू द्या, मग काढा. पुसत बसू नका.

बेळगावच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे आत दिसतात. प्रवासाआधी लेन्स उजेडासमोर धरून तपासा. जूनपासून ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची.

७. तिथले नियम आधी वाचा

श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेणं अपमानाचं मानतात, त्यावरून पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. मूर्तीकडे तोंड करून किंवा बाजूला उभे राहा. जपानमधल्या क्योटोच्या गिऑन भागात खासगी गल्ल्यांत शिरायला मनाई आहे आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये फोटो बंद. दुबई-अबुधाबीला अनोळखी माणसाचा, विशेषतः बाईचा, न विचारता फोटो काढणं गुन्ह्यात बसू शकतं. आपल्या भागातले बरेच जण आखातात नोकरीला असलेल्या मुलांकडे जातात, त्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं. ड्रोनचा मोह असेल तर त्या देशाची परवानगी हाती आल्याशिवाय तो बॅगेत भरू नका. मोरोक्कोसारख्या देशात तो विमानतळावरच काढून घेतात.

विचारून फोटो काढलात की त्या भाषेत आभार माना. सिंहलीत आभार मानायला "स्तुती" म्हणतात. आपलाच शब्द तिथल्या भाजीवालीच्या तोंडून ऐकला तेव्हा फार बरं वाटलं.

सिगिरियाच्या कड्यावर पाचव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, तिथेही फोटोला मनाई. दुसऱ्या खेपेला मी तिथे दहा मिनिटं नुसती उभी राहिले आणि खाली उतरल्यावर वहीत लिहिलं: हातातली फुलं, पिवळा आणि तांबूस रंग, बोटांची ठेवण. जिथे कॅमेरा चालत नाही तिथे वही काढा. आत्याने सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले.

८. काय काढायचं

प्रत्येक ठिकाणी सगळ्यात आधी पाटीचा फोटो. स्टेशनचं नाव, देवळाचा फलक, बसवरचा बोर्ड, हॉटेलचं बिल. नंतर नाव आठवायची कटकट राहत नाही, पाटीपासून पुढच्या पाटीपर्यंतचे सगळे फोटो त्याच जागेचे.

मग लांबून एक, जवळून एक, आणि हाताच्या अंतरावरून एक. श्रीलंकेतल्या एल्लाजवळचा नऊ कमानींचा रेल्वे पूल १९२१ सालचा. सगळे जण गाडी येतानाचा तोच फोटो काढतात. तोही काढा, रुळांपासून लांब उभं राहून. पण गाडीची वाट बघत नारळ विकणारा, कमानीच्या दगडांमधलं शेवाळ, डब्याच्या दारातून हात हलवणारी मुलं, हे बघणाऱ्याला तिथे घेऊन जातं. वस्तू किती मोठी आहे हे कळायला कुणीतरी माणूस चौकटीत हवा.

ऊन कोवळं असताना बाहेर पडा. सकाळी सहा ते आठ गर्दीही नसते. दुपारी अकरा ते तीन मी बाजारात, सावलीत, खाण्याच्या जागी असते आणि संध्याकाळी श्रीलंकेतल्या गॉलच्या तटबंदीसारख्या उघड्या जागी.

बरोबरच्या माणसांचे फोटो काढा, पण रांगेत उभं करून कमी. नकाशा बघत भांडताना, बस चुकल्यावर, पहिला घास तोंडात घालताना. आणि दिवसातून दोनदा तरी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या. माझ्या आईच्या कुठल्याच जुन्या सहलीत वडील दिसत नाहीत, कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याकडेच असायचा.

एक मिनिटाचा आवाजही रेकॉर्ड करा. पहाटेच्या देवळातला ढोल, मासळीबाजाराचा गलका, इतकं पुरे. आणि दिवसातला एखादा तास कॅमेरा पिशवीत राहू दे. आई माझ्याबरोबर होती तेव्हा तिने रेल्वेत विचारलं होतं, "फोटो काढायलीस की बघायलीस?" त्या दिवशी चहाच्या मळ्यांतून जाणारा उरलेला रस्ता आम्ही दोघींनी खिडकीतून बघितला.

९. रोज रात्रीची पंधरा मिनिटं

कार्डातले फोटो मोबाईलमध्ये किंवा छोट्या हार्ड डिस्कमध्ये उतरवा. कार्ड एका बॅगेत, डिस्क दुसऱ्या. हॉटेलचं वायफाय बरं असेल तर निवडक वीस फोटो इंटरनेटवरही चढवा. घरी येऊन दोन प्रती तपासेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावा. श्रीलंकेची वेळ आपलीच आहे, जपान साडेतीन तास पुढे. विसरलात तर मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा, नंतर फरक मोजता येतो.

वहीत रोज पाच ओळी. काय खाल्लं, किती पैसे गेले, कोण भेटलं, कशाचा वास होता.

१०. परत आल्यावर

घरी आल्यावर दोन आठवडे फोटोंना हात लावू नका. मग बसून पहिल्या दिवशी फक्त वाईट काढून टाका, दुसऱ्या दिवशी एकसारख्यांतला एकच ठेवा. २,००० मधून १२० उरले तर ठीक. हे काम एकट्याने करा, घरच्यांना मध्ये घेतलंत तर काहीच निघत नाही.

त्यातले साठ-सत्तर छापा. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या छपाईला १,८०० बाय १,२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे कुठल्याही मोबाईलचा मूळ फोटो चालतो. मूळ म्हणते आहे, कारण व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसतो. लॅबला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह घेऊन जा. आधी पाचच छापून रंग बघा. मोबाईलच्या झगझगीत पडद्यावर उजळ दिसलेला फोटो कागदावर काळपट येतो, थोडा उजेड वाढवून उरलेले छापायला द्या.

अल्बम कागदी पानांचा घ्या, ज्यात फोटोशेजारी लिहायला जागा असते. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाबाचे वळ समोर उमटतात. मी शेजारच्या जागेत वहीतल्या त्या पाच ओळी उतरवते, अक्षर मोठं काढते. प्रत्येक दोन पानांनंतर एक पान कोरं ठेवते. अल्बम आठवडाभर नंदगडला असतो आणि आत्या नातवाकडून त्या कोऱ्या पानांवर तिचे प्रश्न लिहून घेते. मागच्या वेळी पहिल्या कोऱ्या पानावर होतं, "जपानात भाकरी मिळत नाही तर म्हातारी माणसं काय खातात?" त्याचं उत्तर म्हणून मी मऊ भाताच्या वाडग्याचा आणि मिसो सूपचा फोटो शोधून त्याच पानावर चिकटवलाय.